तोफेवरचे दोन लेख

विजापूरच्या बुरुजावर 'मुलुख-ए-मैदान' तोफ पाहायला गेलेला नगरकर बरोबरच्यांना हटकून सांगतो, "ही आमच्या नगरची." ते खरेच आहे. १५४९ मध्ये, बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत ही तोफ नगरला ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. तोंड सिंहाच्या जबड्याचे आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. ओतणारा उस्ताद रूमीखान. रूम म्हणजे तेव्हाचे तुर्की राज्य. ज्या तुर्कांनी १४५३ मध्ये तोफांच्या बळावर कॉन्स्टँटिनोपलचा तट फोडला, त्यांच्या मुलखातला हा कारागीर शंभर वर्षांच्या आत सीनेच्या काठी भट्टी लावून बसला होता.

या तोफेवरचे लेख मुद्दाम पाहावेत. एकात निजामशहाचे आणि उस्तादाचे नाव आहे. दुसरा औरंगजेबाचा, १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर कोरलेला. औरंगजेबाचे गुणगान करण्याचे मला काही कारण नाही. पण जिंकलेल्या तोफेवर स्वतःचा विजय कोरताना त्याने आधीचे नाव छिन्नीने उडवले नाही. दोन्ही लेख आजही एकाच तोफेच्या अंगावर आहेत.

नगरच्याच इतिहासात याच्या नेमकी उलट वागणूकही सापडते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे सचित्र हस्तलिखित जपलेले आहे. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशहाची आणि त्याची बेगम खुंजा हुमायून हिची त्यात स्तुती केली आहे. ही चांदबिबीची आई. १५६५ मध्ये हुसेनशहा वारला, मुलगा मुर्तझा लहान होता, तेव्हा काही वर्षे राज्याचा कारभार या बाईने पाहिला. पुढे मुलाने आणि सरदारांनी मिळून तिला कैदेत टाकले. त्यानंतर पोथीतल्या बहुतेक चित्रांतून तिची आकृतीच पुसली गेली. शहा आसनावर बसलेला, सेवक उभे, आणि त्याच्या शेजारी, जिथे ती होती, तिथे नुसता रंगाचा डाग. पण चित्राची सगळी मांडणी तिच्याभोवती केलेली असल्यामुळे डोळा पुन्हा पुन्हा त्या डागावरच जाऊन ठरतो.

आधीच्याच्या शेजारी आपले लिहायचे, की आधीचे पुसून टाकायचे? जगातल्या प्रत्येक जुन्या शहरापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो. इस्तंबूलची आयासोफिया ५३७ मध्ये चर्च म्हणून उभी राहिली, १४५३ मध्ये मशीद झाली, विसाव्या शतकात संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद. आपल्याकडे तो प्रश्न नावाच्या रूपाने आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी कागदांवर अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या लेक. जन्म १७२५ चा. त्यांचे नाव या मातीला लागावे यात मला आक्षेपार्ह काही वाटत नाही. मला काळजी आहे ती त्या नावाआडून चालणाऱ्या पुसापुशीची. 'परक्यांनी वसवलेले गाव' हे वाक्य अलीकडे फार सहज बोलले जाते.

परके कोण? १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव करून शहराचा पाया घालणारा मलिक अहमद हा मलिक हसनचा मुलगा, आणि मलिक हसन मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घरातला, असे फेरिश्ता सांगतो. मालोजीराजे निजामशाहीचे सरदार. त्यांच्या मुलांची शहाजी आणि शरीफजी ही नावे नगरच्या शाहशरीफ पिरावरून ठेवली, ही परंपरा बखरकारांनीच आपल्यापर्यंत पोचवली. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर या राज्याचा शेवटचा मोठा आधार झाला, आणि शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. हे सगळे परक्यांच्या खात्यावर टाकले तर स्वराज्याच्या आधीची पन्नास वर्षे मराठ्यांनी कुठे काढली, याला उत्तर उरत नाही.

पुढच्या काळातही हे शहर असेच भरत गेले. अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्याकडे सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते इथेच. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने मोगलांशी झुंजवलेल्या किल्ल्यात १९४२ नंतर नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले आणि मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे.

आणि अहिल्याबाई? काशी, गया, सोमनाथ यांपैकी एकही क्षेत्र होळकरांच्या राज्यात नव्हते. दुसऱ्यांच्या मुलखातली पडकी देवळे, घाट, विहिरी त्यांनी स्वतःच्या खाजगीतून उभ्या केल्या. त्यांचे नाव मिरवणाऱ्या शहरात जुन्या वास्तूंवर झुडपे वाढत असतील, तर ती त्या नावाचीच हेळसांड आहे. जुन्या नावासाठी हळहळणाऱ्यांनाही हेच म्हणेन. त्यांच्यापैकी किती जणांनी दमडी मशिदीचे कोरीवकाम जवळून पाहिले आहे? कापूरवाडीहून शहरात पाणी आणणारे निजामशाही खापरी नळ कुठून कुठे जात, हे किती जणांना दाखवता येईल?

कारण पुसणे नुसते द्वेषाने होत नाही, विसरण्यानेही होते. पाथर्डी रस्त्याला शहा डोंगरावर तीन मजली अष्टकोनी वास्तू आहे. लांबून दिसते, पावसाळ्यात तिथे गर्दी उसळते, आणि सगळे तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. ती चांदबिबीची नाही, आणि महालही नाही. मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची ती कबर. राजा कारभारातून मन काढून बसला असताना राज्य याने चालवले, आणि १५८३ मध्ये पुरी झालेली फराहबागेची इमारत याच्याच देखरेखीखाली उभी राहिली. चांदबिबी शूर होती, तिला दुसऱ्याच्या कबरीची गरज नाही.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन शहा डोंगर चढाल, तेव्हा वरच्या मजल्यावर फोटो काढून झाले की त्यांना खाली तळघरात न्या, आणि तिथे कोण निजले आहे ते नावानिशी सांगा.