सेवेची नोंद कोणाच्या खात्यावर?



वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला की पहिल्या काही तासांतच एक नियम शिकवला जातो. कोणताही व्यवहार एका बाजूने पूर्ण होत नाही. एक खाते नावे पडते, तेव्हाच दुसरे जमा होते. सेवेलाही हा नियम लावून पाहिला, तर एक अवघड प्रश्न समोर येतो. आपण वेळ दिला, श्रम दिले, पैसे दिले. ते जमा कोणाच्या खात्यावर झाले? ज्याला गरज होती त्याच्या, की आपल्याच ‘मी’च्या?

अमेरिकेतील हायस्कूलमध्ये, म्हणजे साधारण आपल्या नववी ते बारावीच्या वयाच्या मुलांसाठी, व्यवसाय मंडळे चालतात. ‘फ्यूचर बिझनेस लीडर्स ऑफ अमेरिका’ ही त्यांतील एक मोठी संघटना. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजचे प्राध्यापक हॅम्डेन फोर्कनर यांनी १९३७ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९४२ मध्ये टेनेसी राज्यातील जॉन्सन सिटी येथे पहिली शाखा सुरू झाली. मुले तेथे जमाखर्च, विक्री, मुलाखत, सभेत बोलणे असे व्यवसायाचे धडे घेतात. पण नफ्याचे गणित शिकवणाऱ्या या मंडळांत सेवेलाही जागा आहे. मुले गरजूंसाठी अन्नधान्य गोळा करतात, वृद्धाश्रमात जातात, निधी उभारतात. उद्योजक होऊ पाहणाऱ्या मुलाला शाळेतच ‘समाजाचे देणे’ शिकवावे, हा विचार स्वागतार्ह आहे.

दहा सेंटचे नाणे

ही मंडळे ज्या संस्थेसाठी अनेक दशके निधी गोळा करत आली आहेत, ती संस्था म्हणजे ‘मार्च ऑफ डाइम्स’. डाइम म्हणजे दहा सेंटचे लहानसे नाणे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, पोलिओचे निदान झाले आणि त्यांचे पाय कायमचे अधू झाले. १९३८ मध्ये त्यांनी या रोगाशी लढण्यासाठी संस्था स्थापन केली. जनतेला आवाहन झाले की प्रत्येकाने एक डाइम पाठवावा. पाकिटांतून लाखो नाणी व्हाइट हाउसवर येऊन पडली.

अशाच लहान देणग्यांतून जोनास साल्क यांचे संशोधन उभे राहिले आणि १९५५ मध्ये पोलिओची लस सुरक्षित व परिणामकारक असल्याचे जाहीर झाले. तोंडावाटे द्यायची लस शोधणाऱ्या अल्बर्ट सेबिन यांनाही याच संस्थेचे साहाय्य मिळाले होते. आपल्या गावोगावच्या बूथवर बाळांच्या तोंडात पडलेले ते दोन थेंब आठवा. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. दूर देशातल्या कुणा मुलाने पाकिटात घातलेले नाणे असे कुठवर पोहोचले! त्या पाठवणाऱ्यांची नावे आज आपल्यापैकी कोणालाही ठाऊक नाहीत. नाव मागे राहिले, काम पुढे गेले. सेवेचा खरा प्रवास असाच असतो.

तास मोजले जातात तेव्हा

आता दुसरी बाजू पाहू. या मंडळांत सेवेचे तास नोंदवले जातात आणि ठराविक तास भरले की सन्मान मिळतो. सेवा प्रकल्पांची स्पर्धा असते, अहवाल लिहावा लागतो, परीक्षकांसमोर मांडणी करावी लागते. पुढे महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जातही या सेवेचा उल्लेख करता येतो. हे सारे आपल्याला परके नाही. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेतही स्वयंसेवकाने वर्षाला १२०, म्हणजे दोन वर्षांत २४० तास सेवा द्यायची असते. काही विद्यापीठांत त्याबद्दल वाढीव गुण मिळतात.

मग प्रमाणपत्रासाठी केलेली सेवा ही सेवा म्हणावी का?

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. कर्तव्य म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा मनात कुरकुरत दिलेले ते राजस. अपमान करून, अनादराने, स्थळ-काळ न पाहता दिलेले ते तामस. या कसोटीवर प्रमाणपत्रासाठीची सेवा राजस ठरेल. पण एवढ्यावर तिला झिडकारू नये. सोळा वर्षांचा मुलगा गुणांसाठी वृद्धाश्रमात गेला, तिथे एका आजोबांनी त्याचा हात धरला आणि पुढच्या रविवारी तो कोणी न सांगता पुन्हा गेला, तर त्याचा राजसाकडून सत्त्वाकडे प्रवास सुरू झाला. पहिले पाऊल कोणत्या कारणाने पडले, याहून दुसरे पाऊल कशासाठी पडते हे अधिक महत्त्वाचे आहे.

धोका आहे तो वेगळाच. तास भरले की पाऊल थांबते. आजोबा मात्र तिथेच असतात, दाराकडे पाहत.

स्थळ, काळ आणि पात्र

सात्त्विक दानाची व्याख्या पुन्हा वाचली, तर लक्षात येईल की तिथे केवळ भावना पुरेशी मानलेली नाही. कुठे, केव्हा, कोणाला, हे पाहायला सांगितले आहे. म्हणजे विवेक हवा, चौकशी हवी.

२००४ च्या त्सुनामीनंतर देशभरातून तमिळनाडूच्या किनाऱ्याकडे मदतीचा ओघ लागला. त्यात जुने कपडे इतके आले, आणि त्यांतले इतके निरुपयोगी होते, की त्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. पाठवणाऱ्यांच्या हेतूत खोट नव्हती. पण किनाऱ्यावरच्या कुटुंबांना नेमके काय हवे आहे, हे कितीजणांनी विचारले होते? आपल्या कपाटात जे नको होते ते आपण दिले आणि त्याला दान म्हटले.

इथेच व्यवसायाची दृष्टी सेवेच्या उपयोगी पडते. चांगला दुकानदार माल भरण्याआधी गिऱ्हाइकाची गरज ओळखतो. डब्बाबंद अन्न गोळा करणाऱ्या शाळकरी मुलांनाही हा धडा मिळतो की अन्नपेढीला पुष्कळदा डब्यांपेक्षा रोख रक्कम अधिक उपयोगी असते, कारण घाऊक भावात तेवढ्याच पैशांत जास्त अन्न येते. आधी विचारा, मग द्या. विचारण्यात समोरच्याचा आदर आहे, आणि आदर गेला की दान तामस होते.

हिशेब हीसुद्धा साधना

काही जणांना वाटते की अध्यात्मात हिशेबाला जागा नाही. संत एकनाथ महाराजांची कथा आपण ऐकली आहे. देवगिरीला सद्गुरू जनार्दनस्वामींकडे असताना त्यांच्याकडे हिशेबाचे काम होते. एकदा एका पैची चूक लागेना. रात्रभर दिव्याच्या उजेडात ते वह्या तपासत बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी सांगितले की एका पैच्या चुकीने एवढा आनंद होतो, तर हीच एकाग्रता भगवंताकडे वळव.

स्वामींनी वही फेकून द्यायला सांगितले नाही. मन कुठे वळवायचे ते सांगितले. लोकांनी विश्वासाने दिलेल्या प्रत्येक रुपयाचा चोख हिशेब ठेवणे हीही पूजाच आहे. सेवेच्या निधीत ‘चालायचेच’ हा शब्द चालत नाही.

तेरा

मोजायचे असेल, तर कसे मोजावे? याचे उत्तर गुरू नानकदेवांच्या जीवनात आहे. तरुणपणी ते पंजाबातील सुलतानपूर येथे नवाब दौलतखान लोदी यांच्या मोदीखान्यात, म्हणजे धान्याच्या कोठारात, नोकरी करत. परंपरा सांगते की धान्य मोजताना अकरा, बारा असे म्हणत ते तेरावर आले की थांबत. ‘तेरा’ हा आकडाही आणि ‘तुझे’ हा अर्थही. मग ‘तेरा, तेरा’ असे म्हणत ते मापे ओततच राहत. कोणीतरी तक्रार केली, कोठाराची तपासणी झाली, आणि हिशेब बरोबर निघाला.

सुज्ञहो, या कथेत मोजणे थांबलेले नाही. माप हातात आहे, नोकरीतील जबाबदारी आहे, तपासणीही आहे. बदलले आहे ते फक्त खात्याचे नाव. जे माझे म्हणून मोजले जात होते, ते तुझे म्हणून मोजले जाऊ लागले. राष्ट्रीय सेवा योजनेचे बोधवाक्यही ‘मी नव्हे, तू’ याच अर्थाचे आहे. १२० तास अवश्य मोजावेत. पण मोजताना कुठेतरी ‘तेरा’ यायला हवा.

आपण काय करू शकतो?

आपल्या घरांत, शाखांत कितीतरी मुले-मुली वाणिज्य शिकत आहेत. त्यांना केवळ खुर्च्या मांडायला बोलावू नका. त्यांची विद्या सेवेत येऊ द्या. दर नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मोबाइलवर तो भरताना आजी-आजोबांची तारांबळ उडते. त्यांच्याशेजारी अर्धा तास बसावे. भाजी विकणाऱ्या ताईंना रोजच्या जमाखर्चाची वही घालून द्यावी, म्हणजे व्याजात किती जाते ते त्यांना स्वतःच दिसेल. घरकामाला येणाऱ्या मावशींना बँकेचा अर्ज समजावून सांगावा आणि फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हेही सांगावे.

त्यासाठी तीन नियम पाळू या. आधी गरज विचारू. पैशाचा व्यवहार असेल तर हिशेब सर्वांसमोर ठेवू. आणि ज्याला मदत केली त्याचे छायाचित्र काढून मिरवणार नाही.

रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे मनातल्या मनात वही उघडावी. आज कोणाची कोणती अडचण दूर झाली, एवढेच लिहावे. कोणी केली, हा रकाना कोरा सोडावा. ज्याने हात दिले, बुद्धी दिली आणि सेवेची संधीही दिली, तो स्वामी त्या रकान्यात आपले नाव स्वतः भरून घेईल.