जंबुद्वीपातले उत्तम

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख आहे. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठाने हे शैलगृह पुरे केले आणि ते अवघ्या जंबुद्वीपात उत्तम आहे, असा त्याचा आशय. दोन हजार वर्षांपूर्वीची ही जाहिरातच म्हणायची. लोणावळ्यातल्या चिक्कीच्या पाट्यांवरचा 'अस्सल' हा शब्द तिच्याच कुळातला. फरक इतकाच, की भूतपालाचा दावा खोडणे अवघड आहे. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि उंचीलाही जवळपास तेवढेच असलेले हे दालन भारतातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह आहे. पण त्या लेखात 'उत्तम'च्या जोडीला 'परिनिठपित' असाही शब्द आहे: तडीस नेलेले. गुणवत्तेविषयी बोलताना आपण पहिल्या शब्दाला भुलतो आणि दुसरा विसरतो. माझ्या मते दुसऱ्यावाचून पहिल्याला अर्थच उरत नाही.

कार्ल्याचे उत्तमपण एकाएकी आलेले नाही. मळवली स्टेशनाच्या दुसऱ्या अंगाला भाजे लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. तिथल्या चैत्यगृहाचे खांब आत कललेले दिसतात. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला खांब असे तिरपे ठेवत. कातळात त्याची काहीच गरज नव्हती, तरी सवयीने तेही कोरले गेले. दर्शनी भाग तर लाकडाचाच होता, तो केव्हाच नाहीसा झाला. पुढे कार्ल्यापर्यंत येता येता खांब सरळ झाले आणि दर्शनी भाग बराचसा दगडात उतरला. हे काम छतापासून खाली कोरत आणायचे; छिन्नीने उडालेला टवका पुन्हा चिकटवता येत नाही. अशा कामात शिकायचे कुठे? आधीच्या, थोड्या कमी प्रतीच्या, पण पुऱ्या झालेल्या कामावरच. सर्वोत्तम जमेल तेव्हाच छिन्नी हाती धरू, असे भाजेकरांनी म्हटले असते तर कार्ले झालेच नसते. जे काम निर्दोष व्हावे म्हणून वर्षानुवर्षे टेबलाच्या खणात पडून राहते, ते मालकाच्या मनात कितीही उत्तम असो, पुढच्याला त्यावर पाय ठेवून वर चढता येत नाही.

यावर आक्षेप येईल, की ही तडजोडीची वकिली झाली. 'चालतंय की' म्हणणाऱ्याला आयते निमित्त मिळाले. त्याचे उत्तर कार्ल्याच्या स्तूपामागे आहे. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत: तळाशी घट, वर अष्टकोनी दांडा, त्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि हत्तींवर बसलेली जोडपी. स्तूपाला वळसा घालून मागे गेले, की सात खांब निव्वळ अष्टकोनी; त्यांना ना घट, ना हत्ती. पैसा संपला असेल, असे कोणी म्हणेल. असेलही. पण धार इथेही तितकीच सरळ धरलेली आहे. गबाळेपणा आणि आवर यांतला फरक तो हाच: गबाळ्या माणसाचा हात सगळीकडे सारखाच सैल पडतो. उलट दहावीच्या टक्क्यांपासून घरातल्या पडद्यांपर्यंत प्रत्येक बाबतीत पहिला नंबर मागणाऱ्याला जीव कुठे ओतायचा, हे ठरवताच येत नाही आणि त्याची दमछाक मात्र पुरी होते.

याहून अवघड आक्षेप दुसराच आहे. उत्तम म्हणवून घेतो पैसेवाला आणि घाम गळतो दुसऱ्याचा. हे खरे आहे, ते नाकारून चालणार नाही. कार्ल्याच्या खांबांवर देणगीदारांची नावे आहेत, त्यांत धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे त्या काळी ग्रीक म्हणून ओळखले जाणारे लोकही आहेत. पण ते हत्ती ज्यांनी घडवले त्यांची नावे उरलेली नाहीत. अपवाद दाराशी सापडतो. धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने दाराचे काम केले, असे तिथे कोरले आहे. बापाचे नाव, गाव, धंदा आणि केलेले काम, एवढाच मजकूर. त्यात विशेषण एकही नाही.