रांजण कोणी भरले?


आजचं वाचन: योहान 2:1-11

कानाच्या लग्नाची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतोय. संदेशात बहुतेक वेळा भर असतो द्राक्षारसावर. आज जरा रांजण भरणाऱ्या चाकरांकडे पाहू या.

सहा दगडी रांजण. योहानाने दिलेलं माप आजच्या हिशोबात धरलं तर साधारण 500 ते 700 लिटर पाणी. नळ नाही, मोटर नाही. मुकुटबनच्या बाजूला ज्यांनी भर उन्हाळ्यात हातपंपावरून गुंड वाहिलेत, त्यांना हे किती खेपांचं काम आहे ते सांगायला नको. तेही ऐन लग्नाच्या गर्दीत! पाहुण्यांना हवाय द्राक्षारस आणि येशू सांगतो, पाणी भरा. चाकरांनी कुरकुर केल्याची नोंद नाही. त्यांनी काठोकाठ भरलं.

या चाकरांसाठी मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे ‘दियाकोनोस’. रोम 16:1 मध्ये पौल फिबीबद्दल हाच शब्द वापरतो, चर्चमधला ‘डीकन’ही यातूनच आला. म्हणजे आपण ज्याला मिनिस्ट्री म्हणतो, तो शब्द आधी पंगतीत वाढणाऱ्याचा होता. माईक फार नंतर आला. पण आपल्या तरुणांचा “माझी मिनिस्ट्री कोणती?” हा प्रश्न बऱ्याचदा “मला स्टेजवर कधी घेणार?” असाच असतो. (गिटारवाल्यांनो, रागावू नका!)

पंडिता रमाबाई सगळ्यांना माहीत आहेत. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तिथल्या उपाशी मुलींना त्यांनी आसरा दिला. पुढे केडगावच्या मुक्तीत त्यांनी इब्री आणि ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, साध्या बाईलाही वाचता यावं म्हणून. पण छापखान्यात खिळे कोणी जुळवले? मुक्तीतल्याच मुली-बायांनी. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, उलट्या अक्षरांत ओळ लावायची. त्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना येतात?

आपल्या जिल्ह्यातच बघा ना. पांढरकवड्याजवळ उमरीला मिशनचं हॉस्पिटल आहे. कुठल्याही हॉस्पिटलात डॉक्टरांचं नाव गावोगाव पोचतं, रात्री पेशंटची चादर बदलणाऱ्या मावशीचं वॉर्डाबाहेर जात नाही.

आता नववं वचन पुन्हा वाचा. भोजनकारभारी शाबासकी द्यायला बोलावतो ती नवरदेवाला! त्याने तर काहीच केलं नव्हतं. ऑफिसात असं झालं की आपण आठवडाभर कुढतो. पण हा द्राक्षारस आला कुठून, हे कारभाऱ्याला कळलंच नाही. चाकरांना मात्र पक्कं माहीत होतं. येशूचा पहिला चमत्कार इतक्या जवळून त्यांनीच पाहिला.

पुण्या-नागपुरात रूमवर राहणाऱ्या भावा-बहिणींनो, आज सिंकमध्ये भांडी पडली असतील. पाळी कोणाची, ते विचारू नका. घासून टाका.

प्रभू येशू, आज माझ्यासमोरचा रांजण मला दाखव, आणि तो अर्धा सोडायची सवय माझ्यातून काढ. आमेन.