अधिष्ठान कधी बदलावं?

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि बलिप्रतिपदा. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा कोणता याबद्दल दोन मतं आढळतात, पण या दिवशी पंचांग उघडायला नको, यावर सगळ्यांचं एकमत आहे. सोनं घ्या, गाडी घ्या, दुकानाची पाटी लावा. काळाची इतकी बारीक चिकित्सा करणाऱ्या परंपरेने वर्षातले काही दिवस चिकित्सेतूनच मोकळे ठेवावेत, हे विचार करण्याजोगं आहे. वेळ शोधत बसलेल्याच्या हातून काहीच सुरू होत नाही, हे तिने नक्कीच पाहिलं असणार.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणक जोडून घ्यायला आलेल्या माणसाला मात्र एवढ्याने स्वस्थता मिळत नाही. दिवस शुभ आहे, मान्य. पण प्रोसेसर एकटा येत नाही. मदरबोर्ड, चिपसेट, रॅमची जात असा सगळा संसार त्याच्याबरोबर घरी येतो, आणि त्या संसाराला प्लॅटफॉर्म म्हणतात. तीन-चार वर्षांनी जुना प्रोसेसर काढून त्याच बोर्डावर नवा बसेल, की बोर्डासकट सगळं भंगारात जाईल, हे त्या प्लॅटफॉर्मच्या पुढच्या आयुष्यावर अवलंबून असतं. पैसे आजच मोजायचे, पण ते कारणी लागले की नाही हे अजून न घडलेल्या गोष्टी ठरवणार. मग असा निर्णय शहाणपणाचा होता की नाही, हे घेतानाच ठरतं की नंतर?

2017 साली बाजारात आलेले दोन ग्राहक कल्पावेत. पहिला जानेवारीत आला. इंटेलचे सातव्या पिढीचे प्रोसेसर तेव्हा नुकते दाखल झाले होते. कंपनी नावाजलेली, 1151 पिनांचा सॉकेट 2015 पासून रुळलेला, रॅमच्या तक्रारी नाहीत. त्याने चार कोअरचा सर्वांत वरचा प्रोसेसर घेतला. कोणाही जाणत्या माणसाने त्याला हाच सल्ला दिला असता. दुसरा मार्चमध्ये आला आणि त्याने एएमडीचा कोरा करकरीत रायझन घेतला. मागची काही वर्षं ही कंपनी इंटेलच्या पुष्कळ मागे पडली होती. सुरुवातीच्या महिन्यांत या नव्या बोर्डांवर रॅम पूर्ण वेगाने चालेना, बायोसचे अपडेट एकामागून एक येत राहिले, आणि त्या माणसाला आपण फसलो असं वाटलं तर त्यात नवल नव्हतं.

ऑक्टोबर उजाडला. इंटेलने आठवी पिढी आणली. वरच्या प्रोसेसरमध्ये सहा कोअर, किंमत जवळपास तेवढीच. सॉकेटच्या पिना मोजल्या तर त्याच 1151. पण जुन्या बोर्डावर हा प्रोसेसर चालणार नव्हता, त्याला नवा चिपसेट हवा होता. जानेवारीतल्या ग्राहकाची वाट नऊ महिन्यांत बंद झाली. मार्चमधल्या ग्राहकाचा एएम4 सॉकेट मात्र एकेक पिढी अंगावर घेत गेला, आणि 2022 मध्ये 5800एक्स3डी हा खेळांसाठी नावाजला गेलेला प्रोसेसर त्याच्या पाच वर्षं जुन्या बोर्डावरही बसू लागला.

यातला शहाणा कोण?

बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1976 मध्ये नैतिक दैवाचा प्रश्न मांडला, तेव्हा चित्रकार गोगँवरून बेतलेलं एक पात्र त्याने उदाहरणाला घेतलं. हा माणूस घरदार सोडून दूर बेटावर चित्रं काढायला जातो. त्याने केलं ते समर्थनीय होतं का? विल्यम्सच्या मते, तो खरोखर मोठा चित्रकार ठरला तरच त्याला स्वतःचं समर्थन करता येईल, आणि ते निघताना त्याला कळणं शक्य नव्हतं. कुटुंब सोडणं आणि बोर्ड निवडणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तरी रचना तीच आहे. मार्चमधल्या ग्राहकाचं शहाणपण 2022 मध्ये तयार झालं आणि मागे जाऊन 2017 ला चिकटलं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्मामागची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. भाष्यकार इथे अधिष्ठान म्हणजे शरीर असं समजावतात. पण शब्दाचा साधा अर्थ ज्यावर बाकीचं उभं राहतं ते, आणि प्लॅटफॉर्मला याहून नेमका मराठी शब्द सापडणं अवघड. या यादीचं मोल तिच्या प्रमाणात आहे. दैव तिथे आहे, पण पाचांपैकी एक म्हणून. सगळं माझ्या हुशारीने झालं असं म्हणणाऱ्याला ती गप्प करते, आणि सगळं नशिबावर ढकलणाऱ्यालाही. मार्चमधल्या ग्राहकाच्या वाट्याला दैव आलं हे खरं. तरी पाच वर्षं बोर्ड जपला तो त्याने, बायोस अद्ययावत करत राहिला तोही त्यानेच.

शिवाय इथलं दैव म्हणजे आकाशातले ग्रह नव्हेत. ती माणसांनी दिलेली वचनं असतात. एएम4 ला 2020 पर्यंत साथ देऊ, असं एएमडीने म्हटलं होतं. 2020 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला कंपनीने सांगितलं की येणारी झेन 3 पिढी फक्त 500 मालिकेच्या चिपसेटवर चालेल. जुन्या बोर्डांवरच्या बायोस चिपमध्ये इतक्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही, असं कारण दिलं. बी450 आणि एक्स470 बोर्ड घेतलेले लोक खवळले. दोन आठवड्यांच्या आत, 19 मे रोजी, कंपनीने माघार घेतली. पुढे 2022 मध्ये त्याहून जुन्या 300 मालिकेलाही दार उघडलं. ग्राहकांनी आवाज उठवला नसता तर हे दैव वेगळं लिहिलं गेलं असतं. म्हणून नव्या प्लॅटफॉर्मवर पैसे लावणं हे जुगारापेक्षा श्रद्धेच्या जवळ जातं: समोर वचन देणारा कोणी आहे, आणि तो वचन मोडू लागला तर त्याला जाब विचारता येतो.

मग थांबणाऱ्याचं काय? पुढची पिढी येऊ दे, दोष निघू देत, रॅम स्वस्त होऊ दे, असं म्हणणारा सावध माणूस पुष्कळदा बरोबर ठरतो. 2011 च्या जानेवारीअखेर इंटेलला आपल्या नव्या चिपसेटमधल्या साटा पोर्टचा दोष जाहीर करून बोर्ड परत घ्यावे लागले. तेव्हा ज्याने थांबायचं ठरवलं होतं त्याचा मनस्ताप वाचला. पण तो वाचला कोणामुळे? आधी घेणाऱ्यांच्या हातात यंत्र चाललं म्हणूनच त्याचे दोष सर्वांना कळतात. थांबणाऱ्याची सावधगिरी दुसऱ्याच्या धाडसावर उभी असते, आणि हे ऋण क्वचितच कोणी बोलून दाखवतं. थांबल्याने वस्तू स्वस्तच होते, हेही खरं नाही. 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि डीडीआर5 रॅम कडाडली, तेव्हा वाट पाहत राहिलेल्यांची निराशा झाली.

सगळेच थांबले तर काय होतं, याचं उदाहरण म्हणून ॲडम ऑस्बर्नची कथा सांगतात. 1981 मध्ये त्याने ऑस्बर्न 1 हा उचलून नेता येणारा संगणक 1,795 डॉलरला विकायला काढला. वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंची, तरी लोकांनी तो भराभर घेतला. 1983 मध्ये पुढचं यंत्र येणार हे कळल्यावर जुन्याची मागणी आटली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने दिवाळं जाहीर केलं. केप्रोची आणि आयबीएमची स्पर्धाही तिला भोवली होती, त्यामुळे सारा दोष एका घोषणेवर टाकणं बरोबर नाही. पण पुढच्याची वाट पाहण्यातून होणाऱ्या नुकसानीला ऑस्बर्नचं नाव कायमचं लागलं.

या माणसाचं बालपण तमिळनाडूत तिरुवन्नामलैला गेलं होतं. त्याचे वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे अनुयायी आणि चरित्रकार. महर्षींकडे कोणी कसलाही प्रश्न घेऊन आला, तरी ते पुष्कळदा तो प्रश्नकर्त्याकडेच वळवत: हे विचारतो आहे तो कोण? मोक्षासाठी असलेला हा प्रश्न बाजारात आणू नये, असं कोणी म्हणेल. पण प्रोसेसर कधी घ्यावा, या प्रश्नाला तो फार कामाला येतो. दिवसभर व्हिडिओ संपादन करणाऱ्या मुलीचा एकेक रेंडर तासभर रेंगाळत असेल, तर तिचा मुहूर्त कधीच टळून गेला आहे. तिने आज जे चांगलं मिळतं ते घ्यावं. आणि ज्याचं यंत्र त्याच्या कामाला पुरतं, पण ज्याला रोज नव्या चाचण्यांचे आकडे बघून हुरहूर लागते, त्याचा प्रश्न सॉकेटचा नाहीच. त्याच्यासाठी कोणतीही पिढी नवी उरणार नाही.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नेहमीची साथ संपली. विंडोज 11 च्या अधिकृत यादीत 2017 च्या त्या दोघांपैकी कोणाचाही मूळ प्रोसेसर नाही. मार्चमधल्या ग्राहकाने मधल्या काळात सॉकेटमध्ये नवा प्रोसेसर बसवला असेल तर तो पुढे गेला. जानेवारीतल्या ग्राहकाच्या बोर्डाला ती वाट नाही. मात्र त्याच्या चार कोअरवर लिनक्स बिनतक्रार चालतो, आणि घरातल्या शाळकरी मुलाला निबंध टाइप करायला, बुद्धिबळ खेळायला ते यंत्र अजून पुरतं.