पाचोळ्याची होळी, शेणाचा डोंगर

धूर कुणी केला हे विचारत नाही. सगळ्यांच्याच कपड्यांना वास येतोय.

महिनाभर बागेत साठलेला पाचोळा तुम्ही एका काडीत जाळलात आणि गोठ्यातलं गाडीभर ताजं शेण उन्हात ओतून ठेवलंत. वर सांगता, ‘सर, खत करतोय.’ खत? याला उकिरडा म्हणतात! वरून गोवरी झालीय, आत चिखल. ते कच्चं शेण वाफ्यात घातलं की हुमणी आणि तण दोघांनाही आमंत्रण. मग बसा खुरपत पावसाळाभर.

अरे, शेण म्हणजे नुसतं विरजण. पाचोळाच नसेल तर लावणार कशाला? पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांड्यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, हाच हिशोब बसवून दिला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच हौद. त्यात जवळजवळ दीड टन काडीकचरा आणि शेण किती? फक्त शंभर किलो! ज्याच्या दारात एकच गाय, त्याचंही शेत भागावं म्हणून. तुमच्याकडे अख्खा गोठा आहे, तरी तुम्ही पाचोळाच जाळता. १९३१ साली हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी खत करण्याच्या इंदूर पद्धतीवर पुस्तक लिहिलं, तेही शेतातल्या टाकाऊ मालावरच. ते परीक्षेत लिहून गुण घेतलेत ना?

आणि तू, हसू नकोस. गेल्या खेपेला हौदाच्या भिंतीतली भोकं ‘उंदीर शिरतात’ म्हणून लिंपणारा तूच. हवा कोंडली की कुजण्याऐवजी सडतं. तो घाण वास वर्गापर्यंत आला होता.

आता फावडी घ्या. राख बाजूला करा, आंब्याखाली उरलेला पाचोळा गोळा करा. त्यातल्या गुटख्याच्या पुड्या वेचून काढायच्या, एकूण एक! सहा इंच पाचोळा, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, की पुन्हा पाचोळा. प्रत्येक थर भिजला पाहिजे. शेवटी शेणामातीने वरून लिंपायचं. पंधरा-वीस दिवसांत ढीग खचेल, तेव्हा पुन्हा भरायचा. मधेच सळई खुपसून बघेन. ती गार निघाली तर सगळा हौद उपसून परत भरायला लावीन, सुट्टी असो की परीक्षा.

आणि काडेपेटी इकडे द्या.