संहिता आणि वाचनाचा अधिकार

शब्दाने माणूस दुखावतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला पटवून द्यावे लागत नाही. शब्दाला सामर्थ्य असते, या गृहीतावरच त्याचा सारा व्यवहार उभा आहे. मात्र दुखावणारा शब्द कोणता हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या गृहीताने सुटत नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९८८ मध्ये लागू केलेल्या आचारसंहितेच्या निमित्ताने तो ठळकपणे पुढे आला.

त्याआधी विद्यापीठाच्या आवारात कृष्णवर्णीयांना धमकावणारी पत्रके फिरली होती. विद्यार्थ्यांच्या नभोवाणी केंद्रावरून वर्णद्वेषी विनोद प्रसारित झाले होते. वंश, धर्म, लिंग इत्यादींच्या आधारे व्यक्तीला कलंकित किंवा पीडित करणारे वर्तन, शाब्दिक असले तरीही, या संहितेने दंडनीय ठरविले. हेतू न्याय्य होता. पुढे एका विद्यार्थ्याने वर्गातील वक्तृत्वाच्या पाठात एका खेळाडूच्या कथित समलैंगिकतेची टर उडविणारी वात्रटिका वाचली. क्षमायाचनेनंतर ते प्रकरण मिटले. समाजकार्याच्या एका विद्यार्थ्याला समलैंगिकता हा आजार आहे असे संशोधनाच्या वर्गात म्हटल्यामुळे चौकशीला सामोरे जावे लागले. या आरोपातून तो सुटला. पण जे मत वर्गात खोडून काढावयाचे, त्याचा निवाडा वर्गाबाहेर झाला.

जैव-मानसशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने नाव गुप्त ठेवून या संहितेला आव्हान दिले. स्त्री-पुरुषभेदांच्या जैविक उपपत्तींची चर्चाही आता अपराध ठरेल, अशी त्याची भीती होती. विद्यापीठ शासकीय असल्याने राज्यघटनेची पहिली दुरुस्ती त्याला बंधनकारक होती. न्यायाधीश एव्हर्न कोन यांनी १९८९ मध्ये ही संहिता अतिव्यापक आणि संदिग्ध म्हणून घटनाबाह्य ठरविली.

मराठी समीक्षेत 'संहिता' म्हणजे वाचनासाठी खुली असलेली शब्दरचना. आचारसंहितेतही शब्द तोच आहे, परंतु तिचे वाचन करणारा अधिकारी वाचनाला पूर्णविराम देतो. 'कलंकित करणे' याचा अर्थ संदर्भानुसार बदलतो. वात्रटिकेत तो एक, संशोधनाच्या मांडणीत दुसरा. हा भेद करणे हे विवेचकाचे काम आहे. ते दंडाधिकाऱ्याकडे सोपविले की वक्ता गप्प होतो आणि दुखावलेल्याची व्यथा प्रशासनाच्या कागदपत्रांत जमा होते.

येथे विवेचन थांबविणे सोयीचे, पण अप्रामाणिक ठरेल. कोन यांनी निकालपत्राला एक पुरवणी जोडली आहे. मारी मात्सुदा यांचा वर्णद्वेषी भाषणावरील निबंध निर्णय दिल्यानंतर त्यांच्या वाचनात आला. तो आधी वाचला असता तर प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी अधिक धारदार झाली असती, असे ते नमूद करतात. द्वेषपूर्ण भाषण सहन करण्याची किंमत सारा समाज सारखी मोजत नाही, ती ज्यांना सर्वांत कमी परवडते त्यांच्याकडूनच वसूल होते, असे मात्सुदांचे प्रतिपादन आहे. निकाल बदलला नाही. तरीही निकालापुरते वाचन पुरेसे नसते, याची कबुली न्यायासनावरून दिली गेली.

म्हणून संहिता रद्द होण्याने विद्यापीठाचे दायित्व संपत नाही. दंड करण्याचा अधिकार गेला, उत्तर देण्याचे कर्तव्य उरले. अपमानित विद्यार्थ्याच्या बाजूने वर्गात कोणी बोलत नसेल, तर तेथील मौनाला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही. वाईट वाचनाला अधिक सखोल वाचनानेच उत्तर देता येते, आणि ते देण्याचे श्रम दुखावलेल्या एकट्यावर टाकण्याचा अधिकार कोणत्याही विद्यापीठाला नाही.