वाटा कोणाला?

कोयनानगरच्या नेहरू उद्यानात उभे राहून धरण पाहता पाहता आमचे एक पुणेकर स्नेही म्हणाले, "इथल्या लोकांनी आठवड्याला दोन तास श्रमदान केलं ना, तर या बागेचं नंदनवन होईल." दर रविवारी ते आपल्या सोसायटीमागच्या सामूहिक बागेत राबतात. तिथे डॉक्टर आणि ड्रायव्हर एकाच वाफ्यात खुरपतात, आणि सामाजिक न्याय म्हणतात तो हाच, अशी त्यांची श्रद्धा आहे. एरवी मी मान डोलावली असती. पण समोर धरणाचा शिवसागर जलाशय पसरलेला असताना ते वाक्य घशाखाली उतरेना.

कोयनेची गोष्ट सांगत बसत नाही. वीज, भूकंप, सगळं वाचकांना पाठ आहे. एवढंच लक्षात घ्या, की पुनर्वसनाचा कायदा राज्याने केला 1976 साली आणि पाणी त्याच्या कितीतरी आधी अडलं होतं. आपल्याला कबूल केलेली जमीन मागायला धरणग्रस्त चळवळीतले नेते भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली याच कोयनानगरात ठिय्या देऊन बसले, ते थेट 2018 साली. ज्यांची शेतं पाण्याखाली गेली, त्यांनी आता फुलझाडांना आळी करावीत, तीही फुकट!

राबणं वेगळं आणि वाटा वेगळा, हे माझं जुनं पालुपद. श्रमदानाचे भक्त घामाविषयी भरभरून बोलतात. जमीन कोणाच्या नावावर आहे, हे विचारायचं राहून जातं. न्यूयॉर्कमध्ये 1973 साली लिझ ख्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी एका पडीक जागेतला कचरा उपसून बाग केली. पाहता पाहता गरीब वस्त्यांत अशा शेकडो बागा झाल्या. 1999 साली महापौर जुलियानींनी त्यांतल्या शंभराहून अधिक बागा लिलावात काढल्या. ऐनवेळी दोन संस्थांनी त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. ब्रिटनमध्ये मात्र लोकांनी भाजीपाल्यासाठी तुकडा मागितला, तर तो पुरवण्याचं बंधन 1908 च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर घातलं. तिथे माळ्याला कोणाच्या मर्जीवर जगावं लागत नाही.

खरं तर कोयनेच्या या खोऱ्याला बागकाम शिकवायला कोणी यायला नको. पावसाळ्यात घराला टेकून मांडव उभा राहतो, त्यावर काकडी, दोडका, पावटा चढतो. त्याचं उद्घाटन कोणी करत नाही, फोटोही निघत नाहीत. जास्त झालेली काकडी शेजारी जाते आणि तिच्या बदल्यात काय आलं, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. हे मी उगाच लांबवतोय, पण त्या काकडीची चव माहीत असलेला माणूस माफ करील.

तर, राबणाऱ्याच्या पदरी नुसता घाम नको, वाटाही हवा: राबेल त्याला वाटा. हे सूत्र मला न्यायाचं वाटत आलंय. पण ते नायगावला अडतं. पुरंदर तालुक्यातल्या या गावात 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी माणशी, जमिनीच्या प्रमाणात नाही, भूमिहीनालाही हक्क, उसाला बंदी. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणानेही भूमिहीनांचा पाण्यावरचा हक्क मानला. आता राबण्यावरच वाटा ठरवायचा, तर अंथरुणावरची म्हातारी, तान्हं पोर असलेली बाई, दिवसभर दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करून आलेला गडी, हे सगळे बाहेर. ज्याच्याकडे वेळ आणि ताकद, त्याचंच पीक. म्हणजे माझं सूत्रही सुस्थितीतल्या माणसाचंच निघालं की!

वाटा माणशी द्यायचा, तर कोणीतरी स्वतःच्या वाट्यापेक्षा जास्त राबायला हवं. आणि तो कोण? मोकळा रविवार असलेला, पोटाची चिंता नसलेला आमचा स्नेहीच. साळुंखेही पुण्याचे उद्योजकच होते. ज्या स्वयंसेवकाची मी इतका वेळ टर उडवत होतो, त्याच्यावाचून माझा न्याय चालत नाही. अट एवढीच, की बाग कोणाची आणि भाजी कोणाला, हे ठरवताना त्याच्या घामाला जादा मत नसावं.

हे सगळं मी त्यांना ऐकवलं. "मग लोक कामाला येतीलच कशाला?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, आणि पाण्याइतकी निकड भाजीची नसते, हेही खरं. मी विचारलं, "तुमच्या बागेतली भाजी सोसायटीत धुणंभांडी करणाऱ्या बायकांना मिळते?" उरली तर देतो, म्हणाले. पुढच्या रविवारी बैठकीत हा विषय काढतो, असंही म्हणाले. त्या बैठकीला त्या बायका असतील का, हे मी विचारलं, तेव्हा त्यांनी धरणाची उंची किती असेल, असा प्रश्न काढला.